द्वादशीची थंडी

ग्वाल्हेरला थंडी पडते, असे म्हणणे म्हणजे तिला कमी लेखणे आहे. ती मुक्कामाला येते आणि घरातल्या सगळ्या रजया ताब्यात घेते. पुण्याकडचे पाहुणे डिसेंबरात एक पातळ शाल घेऊन येत, दुसऱ्या दिवशी आमच्या वडिलांची कापूस भरलेली रुईची बंडी मागत आणि तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीची चौकशी करत.

ज्या वर्षांबद्दल मी लिहितो आहे, तेव्हा सरकारही ऋतुमान पाहून राहत असे. संस्थाने विलीन होऊन मध्यभारत झाला होता. ग्वाल्हेर मोठे की इंदूर, हा वाद कोणालाच मिटवता येईना, म्हणून हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे ठरले. उन्हाळ्यात ग्वाल्हेर म्हणजे भट्टी असल्यामुळे यात शहाणपण होते, हे कबूल केले पाहिजे. हिवाळा लागता फायलींच्या पेट्या ट्रकांत भरून येत. त्यांच्यासाठी कमान उभारली जाई, बँड वाजे. उन्हाळा लागता त्याच पेट्या त्याच कमानीखालून परत जात, आणि कमानीवरचे ‘सुस्वागतम्’ झाकायचे कोणाच्याही लक्षात येत नसे.

मी बी. एस्सी. होऊन मामांच्या कचेरीत नुकताच लागलो होतो. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. दरबाराच्या वेळेपासून ते हवामानाच्या नोंदी ठेवत. कचेरी किला गेटच्या अलीकडे एका मोकळ्या मैदानात होती: दोन खोल्या, त्यांच्या मागे मामा-मामींचे राहते क्वार्टर, आणि मैदानाच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली, झडपांच्या भिंतींची एक पांढरी लाकडी पेटी. गुराखी तिला कबुतरखाना समजत. तिच्यात तापमापक होते.

त्यातल्या एका तापमापकाविषयी थोडे सांगणे भाग आहे. तो आडवा असे आणि त्याच्या नळीतल्या पातळ द्रवात एक बारीक काळी काडी असे. थंडी वाढली की द्रव त्या काडीला मागे ओढून नेई आणि ऊब आली की तिला तिथेच सोडून स्वतः पुढे जाई. म्हणजे पहाटेचा सगळ्यात थंड क्षण जिथे गाठला, तिथे काडी बसून राहिलेली दिसे. सकाळी जायचे, काडीचा आकडा लिहायचा आणि मग नळी हाताने तिरकी करून काडी पुन्हा द्रवाच्या टोकाशी आणून सोडायची. एवढेच काम. हे शेवटचे विसरलात तर मात्र दुसऱ्या दिवशी, रात्र कितीही उबदार गेलेली असो, काडी कालच्याच जागी दिसायची.

दरबाराच्या काळात मामा रोज सकाळी राजवाड्यावर तापमानाची चिठ्ठी पाठवत. चिठ्ठीचा वरचा बराच भाग पदव्यांनी भरलेला असे. त्या सगळ्या पायऱ्या उतरून तापमानापर्यंत पोचायला इतका वेळ लागे की तोवर हवा बदललेली असायची. विलीनीकरणाने पदव्यांवर रबरी शिक्का मारला आणि तापमान कागदाच्या मध्यावर आले. त्या सबंध घडामोडीत माझ्या डोळ्यांदेखत झालेली निखळ सुधारणा मी हीच मानतो.

पण विलीनीकरण तेवढ्यावर थांबले नाही. लहानमोठ्या प्रत्येक संस्थानाची एकेक पांढरी पेटी होती आणि एवढ्या पेट्या नव्या प्रांताला नको होत्या. ज्यांच्या वह्या विश्वासाच्या, त्या ठेवायच्या आणि बाकीच्या बंद करायच्या, असे ठरले. बंद झालेल्या कचेऱ्यांतल्या माणसांना ‘सामावून’ घेतले जाणार होते. सामावणे हा शब्द ऐकायला फार मायेचा आहे. मामांच्या बाबतीत त्याचा अर्थ होता इंदूरच्या एका फायलींच्या खोलीत कारकुनी. पेन्शनला अडीच वर्षे उरलेली असताना क्वार्टर सोडायचे, गाव सोडायचे आणि ज्या वहीवर आयुष्य घातले ती रद्दी म्हणून मागे ठेवायची. मामा जन्मात एकदा, एका लग्नाला, इंदूरला गेले होते आणि तिथल्या पाण्याची तक्रार घेऊन परत आले होते.

“या वयात दुसऱ्या गावच्या नळाशी ओळख करून घ्यायची?” ते म्हणत.

तपासणीला नेमलेले साहेब माळव्यातले मराठीच होते. कोट, टाय, आणि बोलताना आपण फार ऐकून घेतो आहोत असा चेहरा. त्यांनी मामांना सांगितले, “पंत, जानेवारीची नोंद तुम्ही घेऊ नका. तुमचा भाचा घेईल. महिना संपला की त्याचा आकडा तुमच्या एकवीस जानेवाऱ्यांच्या सरासरीशी ताडून पाहू.”

“अवश्य पाहा,” मामा म्हणाले. “एकवीस वर्षांत एक सकाळ चुकलेली नाही.”

तो जानेवारी आला तो दात वाजवतच. मी नया बाजारातून सायकलने निघायचो. धुक्याचा कोहरा असा की स्वतःचे पुढचे चाक ऐकीव वाटावे. नई सडकेवर दुकानदार फळ्या उघडण्याआधी खोकी जाळून हात शेकत बसलेले असत. एका मंत्र्यांनी उघड्या मैदानावर उद्घाटन करताना लोकशाहीच्या उबेवर भाषण केले. श्रोते एकेक करून मंचामागच्या शेकोटीकडे गेले आणि शेवटी मंत्रीही गेले. एका सकाळी मामींनी अंगणात ठेवलेल्या परातीत पाण्यावर बर्फाची पापडी धरली. त्यांनी ती परात चार घरांत फिरवून दाखवली. दरबार गेल्यापासून इतकी मिरवणूक मी पाहिली नव्हती.

मी रोज सकाळी पेटी उघडली, आकडा लिहिला, काडी जागेवर आणली. तेव्हा आमचे अंश फॅरनहाइटचे असत. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मी बेरीज केली, भागाकार केला आणि मामांच्या सरासरीशेजारी माझा आकडा ठेवला. दोन्ही एकच.

“सरासरीइतका!” मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “नॉर्मल! झाली की नाही परीक्षा?”

मला गंमत वाटली, पण बरेही वाटले. बातमी मी येता येता नई सडकेवरच्या गजकवाल्याला सांगितली, कारण तो रोज विचारायचा. त्याने तिळाची गजक तोलता तोलता वर पाहिले. कान मफलरमध्ये, नाक लाल.

“बाबूजी, ये नॉर्मल है? तो अबनॉर्मल में क्या, मरना पड़ेगा?”

चार दिवसांनी साहेब आले. त्यांच्या हातात आग्रा आणि झाशी इथले तक्ते होते.

“आग्र्याला सरासरीपेक्षा एका अंशाहून जास्त थंडी. झाशीलाही तेवढीच. ग्वाल्हेर या दोघांच्या मध्येच आहे ना, पंत? की विलीनीकरणात हललं?”

मामा दोन्ही तक्ते जवळ ओढून आकडे पाहू लागले.

“भाच्याचे आकडे मी पाहिलेत, ते ठीक आहेत. म्हणजे सरासरीत गडबड आहे. सोमवारपर्यंत कारण सापडलं तर सांगा. नाही सापडलं, तर मला ही पेटी बंद करावी लागेल.” जाताना दारात थांबून ते म्हणाले, “मला आनंद नाही होत यात.” आणि तो होत नसावा, असे मलाही वाटले.

मी एकवीस जानेवाऱ्या घेऊन मामांच्या क्वार्टरच्या ओसरीवर उन्हात बसलो. मामींनी शेजारी मटारांचा ढीग घेतला. अक्षर मोत्यासारखे, खाडाखोड नाही. दुपारपर्यंत एक गोष्ट दिसली. मधूनमधून लागोपाठच्या दोन दिवसांचा आकडा अगदी एकच होता, दशांशापर्यंत. थंडी इतकी नीटनेटकी नसते. अशा जोड्या महिन्यात चार-पाच सापडत आणि दर वर्षी त्यांच्या तारखा दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत.

“तारखा चंद्राप्रमाणे चालल्या आहेत,” मी स्वतःशीच बोललो. “पण चंद्राचा थंडीशी काय संबंध?”

मामींनी शेंग मोडली. “चंद्राचा कसला? तुझ्या मामांचा आहे. एकादशी, चतुर्थी म्हटली की हे पहाटे आंघोळ करून, मुकटा नेसून पेटीशी जायचे. पाहून यायचे आणि तसेच देवापाशी बसायचे. सोवळ्यात कुठं कशाला हात लावतात?”

मी पेन खाली ठेवले. मामा आत वर्तमानपत्र वाचत होते.

“मामा, एकादशीला तुम्ही काडी परत जागेवर आणत नव्हता?”

“पाहत होतो. लिहीत होतो. ताप असतानासुद्धा गेलोय.”

“पण हात लावत नव्हता?”

“हात कसा लावणार? त्यात दारू असते.”

ते खरे होते. असल्या तापमापकात पारा नसतो, स्पिरिट असते. हे मामांना नोकरीच्या सुरुवातीलाच यंत्राबरोबर आलेल्या पुस्तकात वाचायला मिळाले होते. पुस्तक वाचणारा मनुष्य फार दुर्मिळ असतो, आणि वाचून असा अडचणीत येतो.

“मामा, ती काचेच्या आत आहे. आणि प्यायची नाही.”

“प्यायची असती तर दरबारात इतकी वर्षं टिकली असती का? अरे, इतर दिवशी मी लावतोच हात. लावतो आणि मग आंघोळ करतो. सोवळ्याच्या दिवशी फक्त पाहतो. आकडा तर बरोबर आहे ना?”

“एकादशीचा बरोबर आहे. द्वादशीचा चुकतो.”

मी त्यांना कागदावर काढून दाखवले. एकादशीला काडी न हलवल्यामुळे ती तिथेच राहते. द्वादशीची पहाट जास्त थंड असली तर ती आणखी मागे जाते, मग काही बिघडत नाही. पण पहाट उबदार असली तर काडी कालचीच थंडी दाखवते आणि तीच पुन्हा लिहिली जाते. म्हणजे एकवीस वर्षे मामांच्या वहीत उबदार द्वादश्या कधी आल्याच नव्हत्या. सरासरी होती त्यापेक्षा थंड झाली आणि तिच्याशेजारी हा कडाक्याचा जानेवारीही साधाच दिसला.

मामांनी कागद बराच वेळ पाहिला. त्यांनी वाद घातला असता तर मला सोपे गेले असते.

“म्हणजे चूक माझी,” ते शेवटी म्हणाले. “साहेबांना लिहून टाक. मी जातो इंदूरला.”

“मामा, असं लगेच...”

“लिही म्हणतो ना. वही खोटी ठरल्यावर या पेटीपाशी कशाला उभं राहायचं?”

ते त्या दुपारी जेवले नाहीत. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मऊ नव्हता.

“इंदूरला जायचं असेल तर खुशाल जा. पण ती माळ्यावरची पंचांगांची ट्रंक तुमची तुम्ही उचला. लग्न झाल्यापासून एक पंचांग टाकू दिलं नाहीत. मी नाही ते ओझं नेणार.”

मी मामींकडे पाहिले, मग माळ्याकडे. मला माझ्या सबंध पदवीत सुचली नव्हती इतकी चांगली गोष्ट त्या क्षणी सुचली. चूक कोणत्या दिवशी झाली, ते छापून ठेवलेले होते. तेवढे दिवस शोधून दुसऱ्या दिवशीचा आकडा वगळला की उरलेली सरासरी खरी.

ट्रंक खाली आली. दोन पंचांगांना वाळवी लागली होती. त्या वर्षांची मामांनी शेजारच्या देवळातून मागून आणली. एका वर्षाचा पौष लोणच्याच्या बरणीखाली सापडला आणि तेल मुरल्यामुळे पानाच्या मागूनही उलटा वाचता येई. पुढचे पाच दिवस आम्ही तिघे ओसरीवर बसलो. मी तारीख वाचायची, मामांनी तिथी सांगायची, मामींनी दुरुस्ती करायची. पंचांगात नसलेले दिवस मामींच्या डोक्यात होते.

“सासूबाईंचं श्राद्ध पौष वद्य नवमीला. ते धरलंत?”

“धरलं.”

“आणि तुमच्या काकांचं?”

“काकांचं मी करत नव्हतो, त्यांचा मुलगा करायचा. काढ रे ते. त्या दिवशी मी हात लावलाय.”

मामा आता रागावत नव्हते, उलट हट्टाने काटेकोर झाले होते. आपल्यावर न केलेली चूक कोणी लादू नये आणि केलेली एकही सुटू नये, असे त्यांना वाटत होते. एका वर्षी सलग दहा दिवस मामींनी काहीच वगळू दिले नाही. मी विचारले, तेव्हा मामी म्हणाल्या, “त्या वर्षी थोरले दीर गेले. सुतक होतं. सुतकात कसलं सोवळं?”

म्हणजे घरात कोणी गेले की वही बिनचूक होत असे. हे मी मोठ्याने बोललो आणि मामा कितीतरी दिवसांनी हसले. मामी मात्र म्हणाल्या, “काहीतरी अभद्र बोलू नकोस.” मग त्याही तोंडाला पदर लावून हसल्या.

रविवारी नवी सरासरी आली. जुन्या सरासरीपेक्षा जवळजवळ एका अंशाने जास्त. म्हणजे आमचा जानेवारी सरासरीहून तेवढाच थंड, आग्रा-झाशीच्या अगदी जवळ. परातीत बर्फ, मंत्र्यांची शेकोटी, सगळ्या गावाचे कुडकुडणे, सगळे मिळून जेमतेम एक अंश. सरासरीला कशाचेच फारसे वाटत नाही.

सोमवारी साहेब आले. मामांनी स्वतःच सगळे सांगितले. सोवळे, स्पिरिट, मुकटा, काही लपवले नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. सायन्स शिकलेला, टाय लावणारा मनुष्य यावर काय बोलेल, याची मला कल्पना होती.

साहेबांनी वगळलेल्या दिवसांची यादी घेतली आणि बोट ठेवत ठेवत वाचली. अर्ध्यावर त्यांचे बोट थांबले.

“पंत, एकादशी आहे, संकष्टी आहे, विनायकी आहे. प्रदोष का सोडलात?”

मामांनी चष्म्यावरून पाहिले. “प्रदोषाचं सोवळं संध्याकाळचं, साहेब. सकाळी मी मोकळा असतो.”

“आमच्याकडे सकाळपासून असायचं.”

“ती पद्धत वेगळी. माळव्यात असेल तशी.”

“असेल,” साहेब म्हणाले आणि पुन्हा यादीत शिरले. आम्ही वगळलेला एकही दिवस त्यांनी परत घातला नाही. सगळे पाहून झाल्यावर त्यांनी मामींनी आणलेला चहा घेतला.

“मी आतापर्यंत सात पेट्या बंद केल्या,” ते म्हणाले. “एका ठिकाणचा निरीक्षक मनात येईल तेव्हा पान खायला जायचा आणि आकडे परत आल्यावर आठवून लिहायचा. चुका त्याच्याही होत्या, तुमच्याही आहेत. पण त्याच्या पानांचं पंचांग मी कुठून आणू?”

मामांना हे कौतुक वाटले की नाही, ते कळले नाही. त्यांनी साहेबांना आणखी चहा घ्यायला लावला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. वही दुरुस्तीसह मान्य, पेटी कायम, निरीक्षक पेन्शनपर्यंत जागेवर. खाली एक अट होती: निरीक्षकाच्या वैयक्तिक आचारामुळे उपकरण हाताळण्यात खंड पडू नये म्हणून अशा दिवशी ते काम दुय्यम नोकराने करावे. मामांनी हुकूम तीनदा वाचला. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून, मग मामींना ऐकू जावा म्हणून मोठ्याने.

“दुय्यम नोकर म्हणजे कोण?” मामींनी आतून विचारले.

“हा,” मामांनी माझ्याकडे बोट दाखवले.

“मग ठीक आहे. घरातच राहिलं.”

पुढच्या एकादशीला मी उजाडताना सायकलने पोचलो. मामा मुकटा नेसून, अंगावर शाल घेऊन, अनवाणी उभे होते. मी पेटीचे दार उघडले. ते माझ्यापासून हातभर अंतर राखून वाकले. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. काचेवर जाऊ नये म्हणून त्यांनी श्वास धरला.

“त्रेचाळीस पूर्णांक दोन. लिही.”

मी लिहिले.

“आता लाव हात.”

मी नळी तिरकी केली. काडी सावकाश घसरत जाऊन द्रवाच्या टोकाशी टेकली. ती टेकेपर्यंत मामा पाहत राहिले आणि मगच देवापाशी गेले.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेलो तर ते माझ्याआधीच मैदानात होते. नेहमीचा कोट, कानटोपी, हातात पेन्सिल. पेटी उघडी होती.

“ये, बघ.”

काडी सेहेचाळीसच्या थोडी वर होती. रात्री ढग आले होते. मामांनी वहीत आकडा लिहिला, नळी स्वतः तिरकी केली, दार लावले आणि क्वार्टरच्या दिशेने हाक मारली. “अगं, बाहेर ये जरा. द्वादशी कालच्यापेक्षा तीन अंश वर आहे!”

मामी दारात आल्या. “मग त्यात बघायचं काय?”

“वर आहे म्हणतो.”

“बरं झालं. आंघोळ आटपा आता, पारणं सोडायचंय. तूही ये रे आत, चहा निवतोय.”